पुण्यात उतरणारी पाहुणी पाखरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर उजाडला की मी गळ्यात दुर्बीण घालून टेकडीवर उभा असतो, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी थांबतं. "काय बघताय? मोर का?" मी पानाआडचा बोटभर पक्षी दाखवायला जातो, तो तेवढ्यात उडतो, आणि प्रश्न सुरू होतात. गेली चौदा वर्षं जे पुन्हा पुन्हा विचारलं गेलं, त्याची उत्तरं निवांत बसून लिहिली आहेत. टेकडीवर उभ्याउभ्या ती नीट देता येत नाहीत.

शहरात कसले आलेत स्थलांतरित पक्षी? त्यासाठी भिगवणला जावं लागतं ना?

भिगवणला जरूर जा. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी आणि बदकं बघण्याचा आनंद वेगळाच आहे. पण स्थलांतर म्हटलं की आपल्याला फक्त मोठे, पाण्यावरचे पक्षी आठवतात, आणि त्याच दिवसांत आपल्या सोसायटीच्या पर्जन्यवृक्षावर हजारो किलोमीटर उडून आलेला एक हिरवट जीव किडे टिपत असतो, त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. वटवटे, माशीमार, धोबी, थिरथिरे, गप्पीदास, तिरचिमण्या, भारीट ही सगळी झाडाझुडपांतली, माळावरची, ओढ्याकाठची पाखरं. त्यांना तलाव लागत नाही. किड्यांनी भरलेलं एखादं जुनं झाड पुरतं, आणि तशी झाडं पुण्यात अजून आहेत.

ते नेमके कधी येतात?

माझं कॅलेंडर सणांवर चालतं. सगळ्यांत आधी येतात भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना. जुलै सरता सरता किंवा ऑगस्टमध्येच त्यांचे पहिले थवे दिसायला लागतात. गणपतीच्या दिवसांत करडा धोबी येतो. नवरात्राच्या आसपास वटवट्यांचे आवाज सुरू होतात आणि पाठोपाठ माशीमार. दिवाळीच्या पणत्या लागेपर्यंत थिरथिरा कुठल्या ना कुठल्या कुंपणावर शेपटी थरथरवत बसलेला असतो. अधिक महिना आला की हे गणित पुढेमागे सरकतं, कारण सण सरकतात आणि पक्षी सूर्याच्या हिशोबाने चालतात.

ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नैर्ऋत्य मोसमी वारे पुण्यातून माघार घेतात. आकाश मोकळं होतं, वारा उत्तरेकडून यायला लागतो, ऑक्टोबरचं ऊन चटका द्यायला लागतं. हे तीन-चार आठवडे माझ्या मते वर्षातले सर्वांत भरगच्च. आज असलेला पक्षी उद्या नसतो, कारण बरेचजण इथे फक्त दम खाऊन आणखी दक्षिणेला जातात. ठिपकेदार माशीमार आणि लाल पाठीचा खाटीक हे तर आफ्रिकेला निघालेले प्रवासी. त्यांची मुख्य वाट राजस्थान-गुजरातवरून जाते. आपल्याकडे ते क्वचित दिसतात, पण दिसले तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच.

एवढेसे जीव येतात तरी कुठून?

वेगवेगळ्या गावांहून. नीलांग माशीमार हिमालयातून उतरतो. थिरथिरा हिमालय आणि मध्य आशियातून. भोरड्यांची वीण मध्य आशियाच्या गवताळ मैदानांत होते, तिथे टोळ भरपूर असतात. ब्लिथचा बोरू वटवट्या फिनलंडपासून सायबेरियापर्यंत घरटी करतो आणि हिवाळ्याला भारतीय उपखंडात येतो. फिनलंड ते पुणे सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे ६,००० किलोमीटर होतात, आणि पक्षी काही सरळ रेषेत येत नाही, मध्ये डोंगर आणि वाळवंटं आहेत.

हिरवट पर्ण वटवट्याचं वजन सात-आठ ग्रॅम. तळहातावर एक रुपयाची दोन नाणी ठेवून बघा, साधारण तेवढं. निघण्यापूर्वी हे पक्षी खाऊन खाऊन अंगावर चरबी चढवतात. लांब पल्ल्याच्या काही जाती तर आपलं वजन जवळपास दुप्पट करतात, आणि तीच चरबी वाटेत जाळतात. म्हणून वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर त्यांना पोटभर खायला मिळणं हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. पुणे हा त्यातलाच एक थांबा.

मला कधीच उडत येताना दिसले नाहीत. का?

कारण ते रात्री येतात. बहुतेक लहान गाणारे पक्षी अंधार पडल्यावर निघतात. रात्री हवा थंड आणि शांत असते, उडताना शरीर तापत नाही, ससाण्यांचा धोका कमी असतो, आणि दिवसभराचा उजेड खाण्यासाठी मोकळा राहतो. दिशा कळते ती ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून. १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टीफन एमलन यांनी पक्ष्यांना तारांगणात ठेवून हे तपासलं होतं. तारांगणातलं आकाश फिरवलं, तशी पक्ष्यांनीही दिशा बदलली.

दरवर्षी कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असताना मी दुर्बीण चंद्रावर लावून बसतो. पाऊण तास, कधी एक तास. एखाद-दुसरा काळा ठिपका चंद्रबिंबावरून क्षणात सरकून जातो. कोणता पक्षी ते सांगता येत नाही. पण आपण खाली मसाला दूध पीत असताना वरून कुणीतरी चाललं आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की रात्रीचं आकाश रिकामं वाटत नाही.

पुण्यात कुठे जाऊ?

आधी घराखाली. हे टाळाटाळीचं उत्तर नाही, मनापासून सांगतो आहे. घरापासून पाच मिनिटांवरचं एक जुनं झाड निवडा. उंबर, पिंपळ, वड, कडुनिंब, पर्जन्यवृक्ष, काहीही. सप्टेंबरच्या अखेरीपासून रोज दहा मिनिटं त्याच्याखाली उभे राहा. पहिले आठ दिवस तेच शिंजीर आणि तेच बुलबुल दिसतील. नवव्या दिवशी एक अनोळखी आवाज येईल. रोजची माणसं माहीत असल्याशिवाय पाहुणा ओळखू येत नाही. मी स्वतः पहिली दोन वर्षं दर रविवारी नव्या ठिकाणी धावत होतो आणि हाती फार काही लागलं नाही. तिसऱ्या वर्षी पाय मुरगळला म्हणून खिडकीत बसून राहिलो, आणि समोरच्या पर्जन्यवृक्षाने महिनाभरात सात पाहुणे दाखवले.

त्यानंतर टेकड्या. वेताळ टेकडी हा शहरातला सर्वांत उंच भाग, सुमारे ८०० मीटर. वर उघडा माळ, खुरटी झुडपं, दगडी खाण आणि तिच्यातलं पाणी, उतारांवर झाडी असं सगळं थोडक्या अंतरात आहे. माळावर गप्पीदास आणि तिरचिमण्या, झाडीत वटवटे आणि माशीमार. उतारांवर वन विभागाने लावलेल्या गिरीपुष्पाची गर्दी खूप आहे. त्यात मला पक्षी कमी दिसतात, म्हणून मी हिवर, बाभूळ, खैर, मेडशिंगी असलेल्या पायवाटा धरतो. तळजाई आणि पाचगाव-पर्वतीच्या वनातही हाच नियम लावा. माणसांची वर्दळ जास्त असते, पण मुख्य वाट सोडून दोनशे पावलं आत गेलं की शांत होतं.

पाषाण तलावाच्या काठची ओली गवतं आणि पाणवनस्पती धोब्यांसाठी, भिंगऱ्यांसाठी आणि शंकर या पक्ष्यासाठी. शंकर नावाप्रमाणेच निळ्या गळ्याचा, पण लाजाळू. चिखलाच्या कडेला पळत येतो, क्षणभर छाती दाखवतो आणि पुन्हा गवतात. येरवड्याच्या बाजूला मुळा-मुठेकाठी डॉ. सलीम अलींच्या नावाने ओळखली जाणारी झाडी आहे, तीही याच दिवसांत बघावी. दाट सावली आवडणाऱ्या पाखरांसाठी एम्प्रेस गार्डन आणि विद्यापीठाचा परिसर. दोन्हीकडे झाडं जुनी आहेत, आणि जुन्या झाडाच्या सालीत, फांदीत, पानांत जेवढे किडे असतात तेवढे दहा वर्षांच्या झाडात नसतात.

नवशिक्याला कोणते ओळखता येतील?

करड्या धोब्यापासून सुरुवात करा. पाठ राखाडी, पोट पिवळं, शेपटी लांब आणि सतत वरखाली. ओढा, नाला, ओल्या गच्चीचा कोपरा, सांडपाण्याची चारी, कुठेही एकटाच चालत असतो. पिवळं पोट बघून बरेचजण त्याला पिवळा धोबी म्हणतात. पण पिवळ्या धोब्याची शेपटी आखूड असते, आणि तो मोकळ्या ओल्या गवतात, बहुधा गुरांच्या पायांत, थव्याने असतो.

थिरथिरा दुसरा. नर काळा, पोट आणि शेपटी विटकरी. मादी तपकिरी, पण शेपटी तीच. दगडावर, भिंतीवर, बांधकामाच्या सळयांवर बसतो, वाकतो, आणि शेपटी थंडी वाजल्यासारखी थरथरते. एकदा बघितला की चुकत नाही.

लाल छातीचा माशीमार हा माझा सर्वांत लाडका. चिमणीहून लहान, तपकिरी, गोल डोक्याचा, मोठ्या काळ्या डोळ्यांचा. शेपटी काळी, मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठसे, आणि ती सारखी वर उचलायची सवय. शरदात दिसणाऱ्या बहुतेकांना लाल छाती नसतेच, कारण त्या माद्या असतात किंवा पिल्लं. त्यामुळे नाव वाचून लाल रंग शोधत बसाल तर समोर बसलेला पक्षी सोडून द्याल. आवाज मात्र ठरलेला, कोरडी 'ट्रर्रर्र', जुन्या घड्याळाला किल्ली देताना होते तशी. पूर्व युरोपापासून पुढे घरटी करणारा हा पक्षी आमच्या सोसायटीत पार्किंगच्या छताशेजारच्या कडुनिंबावर उतरतो. आमचे वॉचमनकाका आता मला हाक मारून सांगतात, "साहेब, तुमचा किल्लीवाला आला."

भोरड्या तर तुम्हाला आधीच माहीत असतील. संध्याकाळी हजारोंच्या संख्येने आकाशात वळणारा, पसरणारा, गोळा होणारा तो धूर म्हणजे त्याच. नीलांग माशीमार झाडाच्या शेंड्यावर, उघड्या फांदीवर बसतो, अंगभर मोरचुदासारखा निळा. आणि दाट झाडीत लांब पांढऱ्या फितीसारखी शेपटी तरंगत गेली तर तो स्वर्गीय नर्तक. शरदात तो शहरातही उतरतो.

वटवटे सगळे सारखेच दिसतात. कसे ओळखायचे?

डोळ्यांनी ओळखायला गेलात तर कंटाळून दुर्बीण कपाटात ठेवाल. वटवटे कानांनी ओळखायचे.

हिरवट पर्ण वटवट्या झाडाच्या वरच्या भागात असतो, एक क्षण स्थिर नसतो, आणि दिवसभर दोन तुकड्यांत 'चि-वी, चि-वी' करतो. हिवाळाभर तो आपला झाडांचा तुकडा राखतो, म्हणून एवढं ओरडतो. पुण्यात ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत सर्वांत जास्त कानावर पडणारा पाहुण्याचा आवाज बहुधा हाच, आणि तो ऐकूनही न ऐकणारे आपण लाखो लोक. ब्लिथचा बोरू वटवट्या खाली झुडपांत, घाणेरीच्या जाळीत, बंगल्यांच्या कुंपणाच्या मेंदीत. तो 'चक्… चक्…' करतो, दोन खडे एकमेकांवर आपटल्यासारखं. बाभळीत 'टेक्' ऐकू आलं तर छोटा शुभ्रकंठी असण्याची शक्यता मोठी. डोकं करडं, गळा पांढरा, डोळ्याभोवती गडद पट्टा. या तीन आवाजांवर पहिलं वर्ष घालवलंत तरी चालेल.

जाता जाता एका वटवट्याबद्दल सांगायलाच हवं. विल्यम सायक्स नावाचे एक ब्रिटिश लष्करी अधिकारी एकोणिसाव्या शतकात दख्खनची पाहणी करत होते. १८३२ मध्ये त्यांनी दख्खनमधल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यातच एका फिकट, मातकट वटवट्याचं वर्णन पहिल्यांदा आलं, आणि त्याच्या शास्त्रीय नावात त्यांनी 'रामा' हा शब्द घातला. आज त्याला सायक्सचा वटवट्या म्हणतात. मध्य आशियाच्या बाजूने येणाऱ्या या पक्ष्याची जगाला ओळख झाली ती आपल्या दख्खनच्या काटेरी झुडपांतून. बाभळीत तो दिसला की मला फार समाधान वाटतं.

गाणारे पक्षी म्हणता, मग गात का नाहीत?

गाणं मुख्यतः विणीच्या हंगामातलं, जोडीदारासाठी आणि हद्दीसाठी. ते त्यांच्या उन्हाळी गावी होतं. इथे ऐकू येतात ती बोलावणी आणि तंबी, एक-दोन अक्षरी. मार्चनंतर मात्र जायच्या घाईत काहीजण हळू आवाजात गळा साफ करायला लागतात. ब्लिथचा वटवट्या दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करण्यात पटाईत आहे. वसंतात कुंपणाशी कान देऊन थांबा.

दुर्बीण कोणती घेऊ?

८ x ४२. म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. दहापटीच्या दुर्बिणीत हात थरथरला की पक्षी हरवतो आणि पानाआडचा चपळ वटवट्या तर सापडतच नाही. घेण्याआधी दुकानाबाहेर येऊन झाडाकडे बघा. पहिल्या महिन्यात दुर्बीण नसली तरी अडत नाही.

किती वाजता जावं?

ऑक्टोबरमध्ये सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. पहिली ऊन्हं झाडाच्या ज्या बाजूला पडतात तिथे किडे जागे होतात आणि पक्षीही तिथेच येतात. सात ते नऊ उत्तम. आदल्या रात्री पाऊस पडून सकाळी उघडलं असेल तर ऑफिसला उशिरा जा.

टेकडीवर काही भीती?

ऑक्टोबरमध्ये गवत गुडघ्याएवढं असतं. फुरसं आणि घोणस दोन्ही आपल्या टेकड्यांवर आहेत, तेव्हा बूट घाला आणि न दिसणाऱ्या जागी पाय-हात घालू नका. कुसळं मोज्यांत घुसतात, त्याला इलाज नाही. आडवाटेला एकट्याने, विशेषतः अंधारात, जाऊ नका. दोघं-तिघं असावं.

मोबाइलवरचं ॲप आवाज ओळखतं म्हणे?

मर्लिन हे ॲप मीही वापरतो. आवाज ऐकून नाव सुचवतं, शिकायला फार मदत होते. पण सुचवलेलं नाव हा अंदाज समजा. पक्षी स्वतः बघा, मगच नोंद करा. नोंदीसाठी ई-बर्ड आहे. तुमच्या एका झाडाखालची रोजची दहा मिनिटांची यादीही तिथे मोलाची असते. कुठला पक्षी आला नाही, हेसुद्धा त्यातूनच कळतं.

मोबाइलवर त्यांचा आवाज वाजवला तर जवळ येतात. वाजवू का?

नको. खरंच नको. तो पक्षी समजतो की आपल्या हद्दीत दुसरा घुसला आहे. खाणं सोडून तो शत्रू शोधत फिरतो. हजारो किलोमीटर उडून अंगावरची चरबी संपवून आलेल्या जिवाचा खाण्याचा वेळ एका फोटोसाठी घेणं मला पटत नाही. फोटो मागून येईल. थांबलात तर तो स्वतःच जवळ येतो.

खिडकीत दाणे ठेवू का?

या पाखरांना दाण्यांचा उपयोग नाही, त्यातले बहुतेक किडे खाणारे. दाण्यांनी कबुतरं वाढतात. उथळ मातीच्या थाळीत पाणी ठेवा, रोज बदला. त्याहून मोठी मदत बागेत करता येते. पडलेली पानं रोज झाडून जाळायचं थांबवा, कारण त्या पाचोळ्यातच किडे आणि कोळी असतात. कीटकनाशकाची फवारणी निदान सप्टेंबर ते नोव्हेंबर बंद ठेवा. कोपऱ्यातलं एखादं झुडूप न छाटता वाढू द्या. रात्री गच्चीवरचे आणि इमारतीवरचे आकाशाकडे तोंड केलेले दिवे बंद करा, त्यांनी रात्रीच्या प्रवाशांची वाट चुकते. आमच्या सोसायटीच्या सभेत हा शेवटचा मुद्दा मांडला तेव्हा विजेचं बिल कमी होईल म्हणून मंजूर झाला. कारण काहीही असो, दिवे बंद झाले.

काचेवर आपटलेला पक्षी सापडला तर?

उचलून एका भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापडावर ठेवा, झाकण लावा, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. पाणी पाजू नका, चोचीत काही घालू नका, सारखं उघडून बघू नका. बरेच पक्षी तासा-दोन तासांत सावध होतात. मग खोकं बाहेर झाडाजवळ नेऊन उघडा. पंख लोंबत असेल किंवा रक्त असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि काचेवर बाहेरून पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके चिकटवा. आमच्या जिन्याच्या काचेवर एका ऑक्टोबरमध्ये दोन माशीमार गेले. ठिपके लावल्यानंतर तिथे एकही मेलेला सापडलेला नाही.

टेकड्यांवर रस्ते झाले तर हे पक्षी दुसरीकडे जाणार नाहीत का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त बोचतो. दुसरीकडे म्हणजे कुठे? रात्रभर उडून पहाटे थकलेला पक्षी खाली बघतो तेव्हा त्याला दिव्यांच्या समुद्रात काही काळे डाग दिसत असतील. ते डाग म्हणजे आपल्या टेकड्या, नदीकाठ, विद्यापीठ, जुन्या बागा. बालभारती ते पौड फाटा रस्त्यासारखे प्रस्ताव आले, आणि २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. मीही होतो. वाहतुकीचा त्रास मलाही रोज होतो, पण सलग झाडीचा तुकडा एकदा चिरला की उरलेल्या दोन तुकड्यांत पूर्वीइतकी पाखरं मावत नाहीत.

मुलांना कधी न्यावं?

५ ते १२ नोव्हेंबर या आठवड्यात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ तारखेला डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. बहुतेकदा दिवाळीची सुट्टीही जवळपास असते, आणि पाहुणे स्थिरावलेले असतात. मुलांना नावं पाठ करायला लावू नका. शेपटी कोण हलवतं, कोण उचलतं, कोण थरथरवतं एवढंच मोजायला सांगा. त्यांचे कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात, माझ्या पुतणीने 'चि-वी' माझ्याआधी ऐकलं होतं.

आणि परत कधी जातात?

मार्च-एप्रिलमध्ये. पळस-पांगारा फुलला की भोरड्या आठवडाभर त्यावर गोंधळ घालतात, आणि एक दिवस संध्याकाळचं आकाश सुनं होतं. किल्लीवाला माशीमार जातो तेव्हा कळत नाही. कडुनिंबाला मोहर आलेला असतो, कोकीळ ओरडत असतो, आणि चार-पाच दिवसांनी वॉचमनकाका विचारतात, "गेला का हो तो?"